मधल्या शेगडीवरचा पहारा

ज्या वस्तूला जाळ नाही, धूर नाही आणि तरीही जी वीस लिटर आमटी उकळून दाखवते, तिच्यावर माणसानं पहिल्या दिवसापासून नजर ठेवावी. मी ठेवली. पुढं जे काही झालं ते माझी नजर कमी पडली म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये. आमच्या अंबूताईचं म्हणणं तर असं की, नजर जरा कमी ठेवली असतीस दत्तू, तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.

अंबूताई म्हणजे माझी थोरली बहीण. हुबळीत केशवापूरला एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची खानावळ आहे. आसपासच्या वसतिगृहांतल्या नव्वद मुली, काही शिकणाऱ्या, काही नोकरीच्या, तिथं दोन्ही वेळा जेवतात. आणि मी दत्तात्रेय सांबरेकर, भूमापन खात्यातून निवृत्त, मुक्काम नवनगर. तीस वर्षं मी लोकांचे बांध मोजले. आज इथं रोवलेला हद्दीचा दगड चार दिवसांनी चार हात पलीकडं गेलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि दोन्ही शेजारी त्याच दगडावर हात ठेवून शपथेवर सांगत होते की तो आजोबांच्या काळापासून तिथंच आहे. अशा नोकरीतून बाहेर पडलेल्या माणसाचा स्वभाव कसा होणार? माझी बायको कुसुम म्हणते की मी आरशात बघण्याआधी आरशाच्या मागं बघतो. हे खोटं आहे. एकदाच बघितलं होतं, आणि तिथं पाल होती.

२००७ साली समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी सिलिंडरनं पेट घेतला. कोणाला इजा झाली नाही, पण आमच्या इमारतीचे मालक बाळकृष्णशेट यांनी त्याच संध्याकाळी वर येऊन सांगितलं, "अक्का, खाली माझं सगळं कापड आहे. वर गॅस नको. दुसरं काय ते बघा." अंबूताईनं दुसरं काय ते बघितलं. तारिहाळच्या एका लहान कारखान्यातून इंडक्शनच्या तीन मोठ्या शेगड्या आल्या. बुटक्या, चौकोनी, वर काळी काच. भिंतीलगतच्या ओट्यावर त्या ओळीनं बसल्या, तेव्हा तीन कारकून टेबलाशी बसल्यासारखे दिसत होते, आणि मला कारकुनांचा अनुभव आहे.

बसवायला सुमंत नावाचा तंत्रज्ञ आला होता. तिशीतला, चष्मेवाला, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलणारा. जाताना म्हणाला, "काका, देखभाल फारशी नाही. काच थंड झाल्यावर पुसायची. पाणी ओतायचं नाही. आणि दर सोमवारी जाळी काढून धुवायची. जाळी विसरू नका हं, जाळीवरच सगळं आहे."

"हे सगळं बघणार कोण?" अंबूताईनं विचारलं.

स्वयंपाकाच्या कौसल्याबाईंनी मान हलवली. बावीस वर्षं त्या अंबूताईकडं भाकरी थापत होत्या. शेगड्यांकडं त्या, सून पसंत न पडलेल्या सासूसारख्या बघत होत्या. "अक्का, मी भाकरी करीन. ह्यांची आंघोळ मला नाही जमायची," त्या म्हणाल्या.

"मी बघतो," मी म्हणालो. निवृत्त माणसानं हे दोन शब्द कधी उच्चारू नयेत.

दुसऱ्याच दिवशी मी एक जाड नोंदवही आणली, पट्टीनं रकाने आखले आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विद्युत्-चुंबकीय शेगडी देखभाल नोंदवही.' तारीख, वेळ, केलेलं काम, करणाऱ्याची सही, शेरा. सही करणारा एकच असल्यामुळं तो रकाना जरा रुंद ठेवला.

सोमवारच्या जाळीचं काम मी समजलो होतो त्यापेक्षा अवघड निघालं. स्वयंपाकघराला दोन मोठ्या खिडक्या, दोन्हींना माशा येऊ नयेत म्हणून लोखंडी चौकटीत बारीक जाळी. एकेकीला आठ स्क्रू, सगळे गंजलेले. त्या काढायच्या, गच्चीवर न्यायच्या, सोड्याच्या पाण्यात ब्रशनं घासायच्या, वाळवायच्या आणि परत बसवायच्या. तीन तास जात. त्या तीन तासांत खिडक्या उघड्या राहत आणि केशवापुरातल्या सगळ्या चिमण्यांना ते कळत असे. एका सोमवारी एक चिमणी कोशिंबिरीच्या परातीच्या काठावर बसून कोथिंबीर निवडत होती. शेगडीचा आणि खिडकीच्या जाळीचा संबंध काय, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. संशय घेणं हा माझा धर्मच आहे. पण मी विचार केला की या शेगडीतून चुंबकीय लहरी निघतात, त्या कुठून तरी बाहेर जात असणार, आणि जाळी तेलकट झाली तर त्या आत कोंडत असणार. शास्त्राची गोष्ट आहे, तिथं आपण वाद घालू नये. सलग बारा सोमवार मी वहीत लिहिलं, 'जाळी काढली. धुतली. बसवली. शेरा: उत्तम.'

काचेचं प्रकरण निराळं. पहिल्याच आठवड्यात डाव्या शेगडीवर दूध उतू गेलं आणि करपून तांबडा डाग पडला. मी पुसला, जाईना. त्या संध्याकाळी नवनगरच्या आमच्या गल्लीत मी नुसतं विचारलं की काचेवरचं करपलेलं दूध कशानं जातं, आणि पाच मिनिटांत फाटकाशी सभा भरली. शेजारच्या शालिनीवहिनी म्हणाल्या, शेणीची राख. समोरचे निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर म्हणाले, राख अल्कली असते, व्हिनेगर घ्या. त्यावर शालिनीवहिनी म्हणाल्या, मास्तरांनी आयुष्यात एक कप तरी विसळलाय का विचारा. मास्तरांच्या पत्नीनं आतून उत्तर दिलं, "नाही." मग कोणी चिंच सांगितली, कोणी दंतमंजन. सगळ्यांत छातीठोकपणे बोलत होते कोपऱ्यावरचे पेन्शनर. ते कानडी 'री' लावून म्हणाले, "रांगोळी घ्या री. दगडाची पूड. आमच्या घरी तांब्याचा बंब चाळीस वर्षं रांगोळीनं घासतात."

मी रांगोळी घेतली. डाग गेला, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याच्या जागी काचेवर शंभर बारीक रेघा उमटल्या, एकात एक, वळणावळणाच्या. मला त्या लगेच ओळखू आल्या. डोंगराळ भागाच्या नकाशात उंची दाखवणाऱ्या रेषा असतात, हुबेहूब तशा. डाव्या शेगडीवर मी अर्ध्या तासात कलघटगी तालुका काढला होता.

दोन दिवसांनी उजव्या शेगडीवर गूळ सांडून जळला. मी येईपर्यंत कौसल्याबाईंनी डोशाचं जुनं पातळ उलथनं आडवं धरून तो खरवडून टाकला होता आणि ओल्या फडक्यानं काच पुसलीही होती. एक रेघ नाही. मी खाली वाकून तिरप्या उजेडात पाहिलं.

"काय बघूलालाय, अण्णा?" त्यांनी विचारलं. अंबूताई त्यांची अक्का, म्हणून मी अण्णा.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"कोण शिकवतंय? तव्यासारखंच की."

मी वहीत लिहिलं, 'कौ. यांना शेगडीची माहिती असल्याचे दिसते. त्या नाही म्हणतात.' तिथून खरी सुरुवात झाली.

तिसऱ्या महिन्यात मधली शेगडी बंद पडू लागली. वाट्टेल तेव्हा नाही, तर रोज सकाळी अकरा वीसला. ऐन भाकऱ्यांच्या वेळी ती तीनदा टुंई करायची, काचेखाली लाल अक्षरांत 'ई टू' उमटायचं आणि तवा थंड. डावी-उजवी चालू, ही बंद. पाव तासानं आपोआप पुन्हा सुरू. जेवायला आलेल्या मुली ताटं घेऊन रांगेत उभ्या, काहींना पुन्हा कामावर जायचं, आणि आत भाकरी अर्धी कच्ची.

वेळ ठरलेली आहे म्हणजे हात माणसाचा आहे, हे भूमापनाचं पहिलं तत्त्व. दगड आपण होऊन सरकत नाही. मी संशयितांची यादी केली.

पहिले बाळकृष्णशेट. त्यांना वरचा मजला रिकामा हवा असणार. गॅस त्यांनीच बंद करवला. अकरा वाजता ते खाली दुकानाचं शटर पूर्ण उघडतात, आतले सगळे दिवे लावतात, आणि वर आमची शेगडी दम तोडते. दुसरा सुमंत. शेगडी बिघडली की त्याला तारिहाळहून बोलावणं जातं. न बिघडणारी वस्तू करून कुठल्या कारखान्याचं भलं झालंय? आणि तिसऱ्या, मनाला पटत नसतानाही, कौसल्याबाई. कारण त्या मधल्या शेगडीच्या शेजारीच परात घेऊन भाकरी थापत. शिवाय शेगडी बंद पडली की त्या घाबरत नसत. तवा उचलत, शेगडी जरा भिंतीपासून पुढं ओढत, हातातल्या फडक्यानं वारा घालत, आणि ती सुरू होई. ज्याला सुरू करता येतं त्याला बंद करता येत नसेल का?

एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कौसल्याबाई, हिला होतंय तरी काय?"

"दम लागतोय तिला," त्या थापता थापता म्हणाल्या. "छातीत भरलंय कायतरी."

मी बाहेर येऊन ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

आधी बाळकृष्णशेटांचा निकाल लावायचा म्हणून मी वीज कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, अर्ज कानडीत, तीन प्रतींत, जागेच्या खुणेसह. 'जागेच्या खुणेसह' हे शब्द माझ्यासमोर उच्चारायला नको होते. मी दोन दिवस बसून खानावळीचा, जिन्याचा आणि खालच्या दुकानाचा मापानुसार नकाशा काढला, उत्तर दिशेचा बाण दाखवला, वीज ज्या मार्गानं पळवली जात असावी तो मार्ग तांबड्या शाईनं तुटक रेषेत दाखवला. कारकुनानं तो उलटासुलटा करून पाहिला.

"सर, बिघाड कुठं आहे ते सांगा ना. नकाशा कशाला?"

"बिघाड नाही, कारस्थान आहे," मी हलक्या आवाजात म्हणालो. त्यानं माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाला पुढं बोलावलं.

तरीही चौथ्या दिवशी तपासनीस आले. अकरा वाजता आले, बारापर्यंत थांबले. मीटरला यंत्र लावून त्यांनी पाहिलं. अकरा वीसला शेगडी टुंई करून बंद पडली, आणि यंत्रावरचा आकडा ढिम्म हलला नाही. वीज पुरेशी होती, कोणी पळवत नव्हतं. मग त्यांनी नजर वर केली, एक-दोन-तीन शेगड्या मोजल्या आणि विचारलं, "ह्यांचा वाढीव भार मंजूर करून घेतलाय का री?"

घेतलेला नव्हता. तो अर्ज करायचा राहून गेला होता. कोणी करायचा राहून गेला होता, यावर अंबूताईचं आणि माझं आजही एकमत नाही. सात दिवसांत अर्ज करा, नाहीतर जोडणी तोडू, अशी नोटीस अंबूताईच्या नावानं त्यांनी तिथंच लिहिली, माझाच नकाशा घडी करून कागदाखाली धरून.

अर्जावर मालकाची सही लागत होती. अंबूताईनं मलाच खाली पाठवलं. बाळकृष्णशेट गिऱ्हाईकासमोर साडी उलगडत होते. मी कागद पुढं केला. कट रचणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. सही केली नसती तर आठवड्यात खानावळ बंद होती. त्यांनी साडी बाजूला ठेवली, चष्मा लावला, तीनही प्रतींवर सही केली आणि म्हणाले, "साहेब, वर काही अडचण असली तर सांगत जा. माझी पुतणी वरच जेवते." मी वर आलो आणि यादीतून त्यांचं नाव खोडलं. खरं सांगायचं तर थोडं वाईट वाटलं. इतका चांगला संशयित परत मिळत नाही.

आता पुरावा हवा होता. मी शेगडीच्या चहूबाजूंनी, जिथं जिथं पत्र्याला फटी होत्या तिथं तिथं, कागदाच्या पट्ट्या खळीनं चिकटवल्या आणि प्रत्येक पट्टीवर आडवी सही केली. शेतातल्या वादात आम्ही पंचनाम्याच्या वेळी असंच करत होतो. कोणी आत हात घातला तर पट्टी फाटणार. अंबूताई म्हणाली, "दत्तू, ही काय मतपेटी आहे?" मी हसलो नाही.

पट्ट्या लावल्यापासून शेगडी अकरा वीसऐवजी अकरालाच बंद पडू लागली. मी समजलो, गुन्हेगार बिथरलाय.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी दुपारी साडेबाराला पोहोचलो. जेवणघर भरलेलं होतं. आत जाऊन पाहिलं तर मधल्या शेगडीची उजवीकडची पट्टी निम्मी गायब आणि उरलेली ओली. माझ्या सहीतला 'सांबरे' शिल्लक होता, 'कर' गेला होता. माझं डोकं फिरलं. मी हातात ती पट्टी घेऊन जेवणघराच्या दारात आलो. कौसल्याबाई भाकऱ्यांची चळत घेऊन वाढायला निघाल्या होत्या.

"कौसल्याबाई, हे सील कोणी फोडलं?"

"कसलं सील?"

"शेगडीत कोण काय करतं ते मला सगळं माहीत आहे. रोज त्याच वेळेला बंद पडते, आणि तुम्हीच तिच्यापाशी असता. ज्यांना हे यंत्र नको आहे त्यांनी तसं सांगावं. चोरून नास करू नये."

आवाज माझ्या मापापेक्षा मोठा निघाला. नव्वद मुलींच्या हातातले घास थांबले. खालून कापड फाडल्याचा आवाज आला, इतकं शांत झालं.

कौसल्याबाईंनी चळत अंबूताईच्या हातात दिली. "कागदावर पीठ पडलेलं, ते पुसलं मी," एवढंच बोलल्या. मग मोरीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले, पदर सारखा केला आणि जिना उतरून गेल्या. चपलांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आला. अंबूताई मला ओरडली नाही, असं साठ वर्षांत पहिल्यांदा झालं.

शुक्रवारी कौसल्याबाई आल्या नाहीत. अंबूताईचे गुडघे धरलेले, तिला उभ्यानं भाकऱ्या होईनात. मी कुसुमला नवनगरहून पहिल्या बसनं आणलं. ती थापत होती, मी भाजत होतो. माझ्या भाकऱ्यांना चार कोपरे येत. एका मुलीनं ताटातली भाकरी उचलून उजेडाकडं धरली आणि विचारलं, "अज्जा, ह्याचा उतारा कुठं मिळतो?" भूमापनवाल्याची चेष्टा कशी करायची हे त्या पोरीला कोणी शिकवलं, ते मला कळलं नाही. वीस मुली न जेवता गेल्या. त्यांच्यापैकी काहींनी, जाताना अंबूताईला ऐकू जाईल असं, दुसऱ्या खानावळीचं नाव घेतलं.

आणि अकराला मधली शेगडी टुंई, टुंई, टुंई करून बंद पडली.

कौसल्याबाई तिथं नव्हत्या. बाळकृष्णशेट दुकानात होते. सुमंत तारिहाळला होता. शेगडीच्या शेजारी परात घेऊन फक्त एकच व्यक्ती बसली होती. क्षणभर, फक्त क्षणभर, मी कुसुमकडं पाहिलं.

पस्तीस वर्षांच्या संसारात तिला माझी प्रत्येक नजर पाठ आहे. तिनं हातातला गोळा परातीत ठेवला. "माझ्याकडं बघताय? माझ्याकडं?" ती म्हणाली. "त्या सुमंतला आत्ताच्या आत्ता फोन करा, नाहीतर मी पण हात धुते."

सुमंत दुपारी आला. त्यानं आधी प्लग काढला. मग शेगडीभोवती फिरून माझ्या पट्ट्या वाचल्या. "हे काय आहे, काका?"

"सील."

"ह्या फटींतून गरम हवा बाहेर जाते. तुम्ही तिचं नाक बंद केलंय." त्यानं पट्ट्या सोलून काढल्या. मग म्हणाला, "पण त्याआधीपासून बंद पडत होती म्हणता. जाळी धुताय ना?"

इथं माझी मान ताठ झाली. मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. "बारा सोमवार. एकही चुकलेला नाही. सह्या बघा."

त्यानं वही वाचली. मग शेगडी आडवी करून तळ वर केला. तिथं, मी आयुष्यात कधी न पाहिलेली, तळहाताएवढी एक चौकोनी जाळी होती. होती असं मी म्हणतो, दिसत नव्हती. तिच्यावर जोंधळ्याच्या पिठाचा बोटभर जाड थर बसून, वर तेलाची वाफ लागून, त्याची चक्क भाकरी झाली होती.

"खाली पंखा आहे," सुमंत म्हणाला. "तो इथून हवा आत ओढतो. शेजारी रोज पीठ उडतंय, तेही ओढतो. हवा मिळाली नाही की तासाभरात तापते आणि स्वतःला वाचवायला बंद होते. 'ई टू' म्हणजे तेच. ही जाळी धुतली असती तर... पण वहीत तर धुतली लिहिलंय. काका, तुम्ही कुठली जाळी धूत होता?"

माझे डोळे आपोआप खिडकीकडं गेले. सुमंतनं खिडकीकडं पाहिलं. कुसुमनं पाहिलं. अंबूताईनं पाहिलं. हुबळी-धारवाडमध्ये इतकी स्वच्छ खिडकीची जाळी त्या दिवशी दुसरी नव्हती.

सुमंत सज्जन माणूस. हसू येऊ नये म्हणून त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला. अंबूताई हसलीच नाही. ती म्हणाली, "कौसल्या म्हणत होती, दम लागतोय तिला. छातीत भरलंय. तुझ्या वहीत असेल बघ."

होतं. दोन रेघा मारून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुन्या हुबळीत कौसल्याबाईंच्या घरी गेलो. रिक्षात बसल्यापासून मी मनात वाक्यं जुळवत होतो: गैरसमज झाला, परिस्थितीच तशी होती, वेळेचा योगायोग. त्या अंगणात खाटेवर शेवया वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी स्टूल पुढं सरकवलं, पाणी दिलं आणि पुन्हा शेवया पसरू लागल्या. मी जाळीची हकीकत सांगितली. खिडकीचीसुद्धा सांगितली.

"तर माझी चूक झाली, कौसल्याबाई."

"मला चोर म्हणालात तुम्ही."

"चोर असा शब्द मी वापरला नव्हता."

"मग काय म्हणाला होता?"

मी आठवून पाहिलं. "त्याहून वाईट," मी म्हणालो. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

त्यांनी शेवटची शेवई सरळ केली. "अण्णा, माझ्या नवऱ्यानं सोडलं तेव्हा लोकांनी नाही नाही ते बोललं. अक्कानं किल्ली माझ्या हातात दिली, कोठीची. बावीस वर्षं आहे माझ्याकडं. एक दिवस मोजून बघितलं नाही तिनं." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घरात येऊन कानात माफी मागतात होय? बोललात कुठं?"

"जेवणघरात."

"मग तिथंच."

त्याच दुपारी साडेबाराला मी पाण्याच्या पिंपापाशी उभा राहिलो. सरकारी नोकरीत मी तहसीलदारांसमोर उभा राहिलो आहे, एकदा उसाच्या फडात कोयते घेतलेल्या दोन भावांच्या मधोमधही. पण त्या दिवशी मी आधी पिंपाची तोटी उगीचच दोनदा घट्ट केली. मी बोलायला सुरुवात केली. ताटवाट्यांचा आवाज चालूच राहिला.

"ऐकू आलं नाही," स्वयंपाकघराच्या दारातून कौसल्याबाई म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं.

"मागच्या पोरींना मराठी येत नाही."

मग मी कानडीत म्हणालो. कौसल्याबाईंची काही चूक नव्हती, शेगडी माझ्यामुळं बिघडली, मी त्यांना सर्वांसमोर नाही ते बोललो, मला क्षमा करावी. बँकेत नोकरी करणारी दीपश्री नावाची मुलगी पुढच्या रांगेत होती. तिनं अगदी निरागसपणे विचारलं, "पण अज्जा, तुमच्यामुळं म्हणजे कशी बिघडली?" तेही सांगावं लागलं, दोन्ही भाषांत. खिडकीपर्यंत आलो तेव्हा जेवणघरात जो हशा उसळला तो बाळकृष्णशेटांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनी वर बघण्याइतका मोठा होता. माझ्या प्रतिष्ठेचं जे काही उरलं होतं, ते त्या पिंपापाशी सांडलं.

कौसल्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्याला पदर लावला, आत वळल्या, आणि मिनिटभरात परातीवर थापल्याचा आवाज सुरू झाला. त्या आवाजानं अंबूताईचे खांदे खाली आले, ते मी पाहिलं. वीस मुली काल उपाशी गेल्या होत्या, त्यांतल्या सतरा त्या दिवशी हजर होत्या.

तीनच्या सुमाराला सगळं आवरल्यावर कौसल्याबाई म्हणाल्या, "अण्णा, ती मधली उलटी करा. आत काय असतंय ते मला बघायचंय."

मी प्लग काढला. काच थंड असल्याचं हात लावून पाहिलं. दोघांनी मिळून शेगडी गोणपाटावर पालथी केली. सुमंतनं कालच ती साफ केली होती आणि परात आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, तरी जाळीवर सकाळचं थोडं पीठ होतंच. तिला चार बारीक स्क्रू होते. कौसल्याबाईंनी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातून घेतला, एकेक स्क्रू स्वतः काढला आणि माझ्या तळहातावर ठेवत गेल्या. "नीट धरा," म्हणाल्या. मी मूठ मिटली.

जाळी निघाली. आत पंखा होता, पापडाएवढा. त्यांनी खाली वाकून तो बोटानं फिरवून पाहिला.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"आणि ह्याच्यापायी मला..." वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. कोरड्या ब्रशनं त्यांनी पात्यांवरचं पीठ एकेक करून झाडलं, जाळी साबणाच्या पाण्यात धुतली, खडखडीत पुसून उन्हात धरली आणि परत जागेवर बसवली. मग हात पुढं केला.

मी मूठ उघडली. त्यांनी एकेक स्क्रू उचलला.

"तीन आहेत," त्या म्हणाल्या.

"चार होते."

"मी चार दिले. तुमच्याकडं तीन आहेत."

मी गोणपाट झटकलं. खाली वाकून ओट्याखाली पाहिलं. "पडला असेल."

"आवाज आला नाही पडल्याचा. दुसरी मूठ बघू."

मी दुसरी मूठ उघडली.

"खिसा."

"कौसल्याबाई, मी स्क्रू कशाला खिशात घालीन?"

"मला काय माहीत? तुम्हीच होता की त्याच्यापाशी."

अंबूताई दारात येऊन उभी होती. मी सदऱ्याचा खिसा उलटा करून दाखवला. त्यातून बसचं तिकीट, चष्म्याचं फडकं आणि एक सुपारी निघाली. मग पायजम्याचे दोन्ही खिसे बाहेर ओढले. वय साठ वर्षं, राजपत्रित अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस, भर दुपारी केशवापुरात दोन्ही खिसे कानांसारखे बाहेर लोंबकळत ठेवून उभा होतो. मी तो स्क्रू घेतला नव्हता. पण घेतला नाही हे सिद्ध करायला जगात माझ्याकडं काहीच नव्हतं.

कौसल्याबाईंनी दोन्ही खिसे नीट पाहून घेतले. मग त्यांनी आपली डावी मूठ उघडली. चौथा स्क्रू तिच्यात होता.

"मला पण मोजायला येतंय, अण्णा," त्या म्हणाल्या, आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "बसवा आता. घट्ट बसवा."